आप्तवाक्य

मनुष्य कशावर विसंबून राहतो, या प्रश्नाचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मुले शिकविणाऱ्याला आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. परंतु त्या प्रश्नाशी माझी खरी गाठ पडली ती कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका मोटारदुरुस्तीच्या गाळ्यात, ऑइलने काळ्या झालेल्या बाकावर बसलो असताना. तत्त्वचिंतनाला ती जागा काही वाईट नव्हती. शेजारच्या गाळ्यात लेथ फिरत होता, कुणीतरी चहाचे ग्लास विसळीत होते, आणि माझ्यापुढे एका फडक्यावर इंजिनातून काढलेला एक पिस्टन ठेवलेला होता. त्याची कड मेणासारखी वितळून गेली होती. ती वितळण्यात माझाही हात होता.

तो कसा, हे सांगायचे तर आधी इंजेक्टर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. बोटाएवढी, विजेवर उघडमीट करणारी ती एक तोटी असते. आत तारेचे वेटोळे असते. त्यात वीज खेळली की सुई उचलली जाते आणि दाबाखालचे पेट्रोल फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. वीज थांबली की स्प्रिंग त्या सुईला पुन्हा जागेवर बसवते. पूर्वी मोटारींना कार्बोरेटर असे. फोक्सवॅगनच्या १६०० या गाडीत बॉशची विजेवर चालणारी यंत्रणा १९६७ साली आली, आणि पुढे हळूहळू कार्बोरेटर मागे पडत गेला. पंक्तीचा दृष्टान्त द्यायचा तर पूर्वी सगळ्या पंक्तीला मिळून बहुधा एकच वाढपी असे; आता प्रत्येक पानापुढे एकेक वाढपी उभा आहे. चार सिलिंडर, चार वाढपी. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असले तर प्रत्येक वाढप्याला मिनिटाला तीन हजार वेळा वाढावे लागते, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. दर वेळी किती मिलिसेकंद उघडे राहायचे हे गाडीतला संगणक सांगतो. पण गोम अशी आहे की, संगणक फक्त 'उघड' म्हणतो. पानात किती पडले ते त्याने पाहिलेले नसते.

साध्या मोटारीत हे फारसे जाणवत नाही. टर्बो लावला की जाणवते. इंजिनातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा इंजिनात कोंबायची, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियराची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. जेवढी हवा जास्त तेवढे पेट्रोल जास्त लागणार, हे उघड आहे. किंबहुना टर्बोच्या इंजिनाला भर जोरात असताना हिशेबापेक्षाही थोडे जास्तच पेट्रोल द्यावे लागते. एक भाग पेट्रोलाला साधारण पावणेपंधरा भाग हवा हे नुसत्या जळण्याचे गणित झाले. पण भर ओझ्याखाली बारा भागांच्या आसपास हवा ठेवतात. ते जास्तीचे पेट्रोल जळण्यासाठी नसते, वाफ होऊन आतला ताप उतरविण्यासाठी असते. आत जळणाऱ्या वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम साडेसहाशेच्या आतच वितळू लागते. तरीही तो टिकतो, कारण त्याचा ताप ऑइल, रिंगा आणि हे वरकड पेट्रोल क्षणोक्षणी वाहून नेत असतात. यांपैकी एकाने हात आखडता घेतला की संपले.

जुन्या काळच्या एका अमेरिकन मोटारीची हकीकत मला या संदर्भात फार आवडते. १९६२ साली ओल्ड्समोबाइल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची गाडी काढली. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळालेल्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ती एक. तिचा ताप उतरविण्यासाठी एक बाटली होती; तीत पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण भरायचे. लोक भरायला विसरत. बाटली रिकामी झाली की एक झडप पडून टर्बोचा जोर आपोआप बेतात राही, आणि मालक कुरकुरत गॅरेजमध्ये येई की गाडी ओढत नाही. पुढे पुष्कळांनी तो टर्बोच काढून टाकला. ती गाडी फसली असे म्हणतात. मला मात्र तिच्याबद्दल आदर वाटतो. आपले दुखणे ती बोलून दाखवीत असे. इंजेक्टर बोलत नाही. तो अर्धवट तुंबला तरी गाडी चालत राहते, वेगही देते, आणि आत एका कोपऱ्यात नाश चाललेला असतो.

आता माझा भाचा. आक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, एकुलता एक मुलगा. त्याने एक जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस विकत घेतली. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, दीडशे अश्वशक्ती. दीडशे घोड्यांनी कोल्हापुरात कुणाचे अडले असते असे मला वाटत नाही. परंतु त्याला अडीचशे हवे होते. का हवे होते, हे मी त्याला विचारले नाही. ज्याला कविता का लिहिता हे विचारलेले आवडत नाही त्याने दुसऱ्याला असले प्रश्न विचारू नयेत. एक गोष्ट मात्र इथेच कबूल केलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ बनावटीशी विसंगत असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावून सांगितले आहे. असली गाडी शर्यतीच्या मैदानावर न्यावी, रस्त्यावर नव्हे. आम्ही ती रस्त्यावर नेली. तेव्हा या गोष्टीतला पहिला दोष इंजेक्टरांच्या आधीच घडून गेला होता.

ज्या मिस्त्रींकडे काम दिले ते साठीचे गृहस्थ. तरुणपणी डिझेलच्या नोझलांचे काम करून डोळ्यांना बारकाईची सवय लागलेली. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्याला जुने लोक अजून मायकोच म्हणतात आणि ज्याचे नाव २००८ पासून बॉश झाले आहे, तिथे बनणाऱ्या डिझेलच्या नोझलांविषयी ते बोलू लागले की ऐकत राहावे. सुई आणि तिचे घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, हे मला त्यांनीच सांगितले. भाच्याला किती मोठे इंजेक्टर लागतील याचा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे केला. टर्बोच्या इंजिनात एका अश्वशक्तीला तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरायचे. अडीचशेला झाले अडुसष्ट किलो. चौघांत वाटले तर सतरा सतरा. पण वाढप्याला श्वास घ्यायला उसंत हवी, म्हणून शंभरातली ऐंशीच वेळ तो उघडा राहील असे धरायचे. म्हणजे सव्वाएकवीस किलोचा इंजेक्टर हवा. पातळ मापात मिनिटाला ४८० सीसी. "साडेपाचशेचा घ्या," मिस्त्री म्हणाले, "आन् पुढं जाऊ नका."

भाच्याला हजाराचा हवा होता. पुढेमागे आणखी शक्ती वाढविली तर पुन्हा खर्च नको, हे त्याचे म्हणणे. वरकरणी ते शहाणपणाचे वाटते. मिस्त्रींनी त्याला जे उत्तर दिले ते मी वहीत टिपून ठेवले आहे. "डावानं औषध पाजाय गेलं तर पोराच्या नाकातोंडात जातंय की." गाडी नुसती उभ्या उभ्या चालू असते तेव्हा इंजेक्टरला जेमतेम दोन-अडीच मिलिसेकंद उघडायचे असते, आणि त्यातला सुमारे एक तर सुई उचलण्यातच जातो. बॅटरी उतरली की तो वेळ वाढतो. तोटी दुप्पट मोठी केली की उघडण्याचा वेळ इतका कमी होतो की सुई नीट उचलली जाते न जाते तोच मिटण्याची वेळ येते, आणि तिथे प्रत्येक सुई आपापल्या स्वभावाप्रमाणे वागू लागते. भर जोरात सगळे इंजेक्टर सारखेच वाटतात. थोडेसेच मागितले तर कोण कसा आहे ते कळते. मला हे ऐकताना माझ्या वर्गातली कित्येक मुले आठवली, काही सहकारीही आठवले. असो.

साडेपाचशेचे ठरले. चांगल्या, कागदपत्रांसकट येणाऱ्या चार इंजेक्टरांना छत्तीस हजार पडत होते. भाच्याने फोनवर शोधून तसाच संच नऊ हजारांना मिळविला. सीलबंद डबा, त्यावर एका नामांकित कंपनीचे नाव, आकडे, सगळे यथासांग. नामांकित इंजेक्टरांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात हे आज मला ठाऊक आहे. तेव्हा नव्हते. पैसे माझ्याकडून उसने घेतलेले असल्यामुळे तो डबा घेऊन भाचा मिस्त्रींकडे आला तेव्हा मी बरोबर होतो. मिस्त्रींनी डबा उलटसुलट करून पाहिला. "गुरुजी, नाव डब्यावर हाय. आत काय हाय ते डबा सांगत न्हाई. दोन दिस द्या, हातातली कामं झाली की बेंचवर लावून बघतो." भाच्याला रविवारी मित्रांना गाडी दाखवायची होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मिस्त्री, सीलबंद वस्तू आहे, नाव एवढे मोठे आहे. नव्या वस्तूची कसली परीक्षा घेता?"

मी, ज्याने वीस वर्षे पोरांच्या परीक्षा घेतल्या, मी हे म्हणालो. मिस्त्री काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "तुमी म्हंतासा तर बसवतो."

चार महिने गाडी उत्तम चालली. भाचा मला भेटला की म्हणे, "मामा, तुमच्यामुळे सत्तावीस हजार वाचले." मलाही ते ऐकायला आवडे, खोटे कशाला बोलू? २०२२ च्या हिवाळ्यात एका लग्नाहून आम्ही पुण्याकडून परतत होतो. खंबाटकीचा चढ लागला. भाच्याने एक ट्रक मागे टाकण्यासाठी पाय दाबला, आणि इंजिनातून कुणी खडे चाळावेत तसा आवाज आला. मग निळा धूर. गाडीचा जोर गेला तो गेलाच. मागचा ट्रक कर्कश भोंगा वाजवीत आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागच्या सीटवर आक्का होती. ती खाली उतरली, कठड्याला धरून उभी राहिली. तिचे हात थरथरत होते. भाचा सांगत होता की इंजेक्टर फसवे निघाले असणार, विकणाऱ्याने फसविले. तिने त्याचे सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "तू सांगितलंस ना त्याला घ्यायला? तुला त्यातलं काय कळत होतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजही नाही.

इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन वितळलेला निघाला; बाकीचे तीन जवळजवळ नव्यासारखे. मिस्त्रींनी चारही इंजेक्टर बेंचवर चढविले. चार काचेच्या उभ्या नळ्या, प्रत्येकीवर एक इंजेक्टर. एक मिनिट पूर्ण उघडे ठेवून पाहिले: ५५०, ५४५, ४९०, ५५२. तिसऱ्या नळीतली पातळी इतरांहून बोटभर खाली. मग अगदी थोडा थोडा वेळ उघडून पाहिले, तेव्हा तर चार पोरांनी चार पाट्यांवर एकच गणित वेगवेगळे सोडवावे तसा प्रकार झाला.

मला कळेना की एवढा फरक चार महिने लपला कसा. गाडीचा संगणक ज्याने नव्या टर्बोसाठी जुळविला होता, त्याने मिश्रण मोजणारा मीटर लावला होता. मीटरवर बरोबर बारा दिसत होते, मी स्वतः पाहिले होते. मिस्त्रींनी मला सायलेन्सरकडे जाणारा पाइप दाखविला. चारही सिलिंडरांचा धूर जिथे एकत्र येतो त्याच्या पुढे तो मीटरचा डोळा बसविलेला असतो. म्हणजे पंक्तीतून उठून बाहेर पडणाऱ्या घोळक्याला यजमानाने दारात उभे राहून एकदमच विचारावे, 'पोटभर झाले ना?' आणि घोळक्याने 'हो' म्हणावे, तसे हे झाले. मी घरी येऊन हिशेब केला. चौघांची सरासरी निघते ५३४. मीटरवर बारा दिसावेत म्हणून सगळ्यांचेच वाढप वाढविले गेले. त्यामुळे तिघांना साडेअकराच्या आसपास, म्हणजे गरजेहून थोडे जास्त मिळत राहिले, आणि तिसऱ्याला तेरा. मीटर खोटे बोलला नव्हता. सरासरी बाराच होती. ती कुणाच्याच पानात नव्हती, एवढेच. आमच्या शाळेचा निकाल फलकावर लागतो तेव्हा मीही तो अभिमानाने वाचत आलो आहे. त्या टक्क्यांखाली कुठला तिसरा सिलिंडर तापतो आहे, हे पाहायला मी किती वेळा गेलो?

मग दोष कुणाचा, हा प्रश्न निघाला. गाळ्यात बसून आम्ही तिघांनी त्याचा बराच काथ्याकूट केला. भाच्याचे म्हणणे साधे होते: ज्याने खोटा माल विकला तो दोषी. ते खरेच आहे. तो फोन आता बंद लागतो. मिस्त्री म्हणाले, "हात माझा. मला शंका आलीवती. बसवाय नगो हुतं." मी म्हणालो, घाई मी केली. भाचा म्हणाला, शेवटी गाडी माझी, हौस माझी. असे करता करता आम्ही तो दोष चौघांत सारखा वाटून टाकला आणि सगळ्यांनाच थोडे हलके वाटले. चहा आला. घरी परतताना माझ्या ध्यानात आले की आपण पुन्हा सरासरीच काढली.

खरा वाटा ज्याचा त्याला द्यायचा तर माझ्याकडे पाव नव्हे, पुष्कळच जास्त येतो. विकणाऱ्याने लबाडी केली. पण लबाडी पकडण्याचे साधन गाळ्यातच, दहा पावलांवर होते, आणि ते वापरू पाहणारा मनुष्य तिथे हजर होता. त्याला कुणी थांबविले? मी. मला इंजेक्टरातले काही कळत होते म्हणून नव्हे. मी मामा होतो, गुरुजी होतो, पैसे माझे होते, वर्तमानपत्रात कधीमधी माझे नाव येते. मिस्त्री माझ्या मताला नमले नाहीत. ते त्या नावाला नमले. मी त्यांना डब्यावरच्या नावाचा दाखला देत होतो त्याच वेळी मी स्वतःही एक सीलबंद डबाच होतो, आणि या विषयात माझ्या आत काय आहे ते कुणी बेंचवर लावून पाहिले नव्हते.

न्यायशास्त्र मी मुळातून वाचलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, संस्कृत तेवढ्यापुरते. पण मराठीतून जे वाचले त्यावरून एवढे ठाऊक आहे की, आपल्याकडे प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला आप्तवाक्य हेही ज्ञानाचे साधन मानले आहे. सगळेच स्वतः पाहता येत नाही, कुणाचे तरी ऐकावे लागते. कुणाचे ऐकावे? आप्ताचे. आप्त कोण? ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन यावर एक फार धीट गोष्ट सांगतो: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे. म्हणजे कूळ, मान, विद्वत्ता यांचा प्रश्न नाही. त्या एका गोष्टीपुरते त्याने जाणलेले आहे की नाही, एवढाच प्रश्न.

आणि आपल्या मराठीने या शब्दाचे काय केले पाहा. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्टांसह लग्नाला यावे, असे आपण छापतो. जाणणारा मागे पडला आणि नातलग उरला. शब्दाच्या या प्रवासात मला आपल्या घरांचा सगळा इतिहास दिसतो. मुलाने काय शिकावे, मुलीने कुणाशी लग्न करावे, आजाऱ्याने कुठले औषध घ्यावे, हे ठरविताना आपण आप्तांना विचारतो, आणि त्यांचे प्रेम हीच त्यांची जाण समजतो. त्या दिवशी गाळ्यात दोन आप्त होते, एक संस्कृतातला आणि एक मराठीतला. भाच्याने मराठीतल्याकडे पाहिले. त्याला दोष कसा देणार? त्याला लहानपणापासून आम्हीच तसे शिकविले.

विश्वास पानिपतात गेला, असे म्हणून कुणी हा प्रश्न मोडीत काढील. मला ती थट्टा पटत नाही. दुसऱ्यांदा इंजेक्टर घेतले तेव्हा आम्ही विश्वास ठेवलाच. फक्त तो कशावर ठेवायचा ते बदलले. मिस्त्रींनी आधी विचारायचे प्रश्न लिहून दिले. साडेपाचशे म्हणता ते किती दाबावर? कारण तीन बारवर ५५० देणारा इंजेक्टर चार बारवर सुमारे ६३५ देतो, आणि विकणारे सोयीचा तो आकडा सांगतात. वेटोळ्याचा रोध किती? मूळ संगणकाला बारा ओहमच्या पुढचे लागतात. दोन-तीन ओहमचे जोडले तर त्याचाच निकाल लागायचा. बॅटरीच्या कुठल्या दाबाला सुई उचलायला किती वेळ लागतो, त्याचा तक्ता आहे का? चौघांची जुळणी भर प्रवाहावर केली की थोड्यावरही? बरोबर नाही निघाले तर परत घ्याल का? दोन दुकानदारांनी हे प्रश्न ऐकून फोन ठेवला. तिसऱ्याने तक्ता पाठविला. प्रश्न विचारलेले ज्याला सोसतात त्याच्यावर विसंबायला हरकत नाही, अशी एक मोघम खूणगाठ मी बांधली. तरीही मिस्त्रींनी ते इंजेक्टर बेंचवर लावलेच, आणि टाकी व नळ्या धुऊन नवा फिल्टर घातल्यावरच बसविले. पुढे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आमच्याच उसाचे ते देणे. परंतु त्याने सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागते. ४८० चे ५२० झाले. साडेपाचशेत ते बसले. हजाराचा हट्ट धरणाऱ्या भाच्याने हा हिशेब मला आपणहून करून दाखविला.

एक शंका मात्र मला छळत राहिली, आणि ती मी मिस्त्रींना विचारली. इंजेक्टर बेंचवर तपासायचा हे ठीक. पण बेंच बरोबर आहे हे कशावरून? त्याची परीक्षा कोण घेणार? आणि त्या परीक्षकाची? असे मागे मागे जाऊ लागलो तर मनुष्याने कशावरच विसंबू नये. कॉलेजात शिकलेली मंडळी अशा वेळी मोठी नावे घेतात. मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी मी आठाच्या सुमाराला गेलो. गाळा नुकताच उघडला होता. उदबत्तीचा वास होता. मिस्त्रींनी खणातून फडक्यात गुंडाळलेला एक जुना इंजेक्टर काढला. तो म्हणे पुष्कळ वर्षांपूर्वी एका गाडीतून निघालेला, कुठल्याच गाडीला पुन्हा न लावलेला. रोज सकाळी पहिल्यांदा तो चढवायचा, किती पडते ते पाहायचे. भिंतीवर एक वही टांगलेली होती; तीत तारखांपुढे आकडे होते, ओळीने, पाने भरून. बहुतेक एकच आकडा. कधी एखादा वेगळा, त्यापुढे 'तेल बदलले' किंवा 'गार हवा' असे लिहिलेले. जगातल्या सगळ्या शंकांना ते उत्तर होते असे नाही. उद्या तो जुना इंजेक्टरही बिघडू शकेल. पण त्या वहीपुढे माझी शंका मला जरा पोरकट वाटली.

माझ्या खिशात एक पाकीट होते. दुसऱ्यांदा इंजिन बांधण्याची मजुरी मिस्त्रींनी घेतली नव्हती. सुट्या भागांचे पैसे मी दिले, नवे इंजेक्टर भाच्याने हप्त्याने घेतले. मजुरीचा विषय काढला की मिस्त्री म्हणत, तो माझा वाटा. मला ते मान्य नव्हते. त्यांचा वाटा मी त्यांच्यावर लादलेला होता. आक्का अजून त्या गाडीत बसत नाही. तिच्याशी माझा हिशेब पैशांनी मिटण्यासारखा नाही. निदान हा तरी मिटावा म्हणून ते पाकीट घेऊन मी गेलो होतो.

मिस्त्रींनी काचेची नळी उजेडात धरली, चष्मा वर सारून पातळी पाहिली, वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "बरोबर हाय." मग बाहेर एक टेम्पो येऊन उभा राहिला आणि ते तिकडे गेले.